आमच्या कॉलनीतले गुलाबवाले

फुलझाडं लावणाऱ्यांकडे फुलं कमी आणि किस्से जास्त साठतात. त्यातून सोलापुरात तर विचारूच नका. आमच्या कॉलनीत गुलाब लावणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. पूर्वी बरेच जण होतो, आता तिघंच उरलोय. मी, समोरचे रिटायर्ड मास्तर काळेसर आणि कोपऱ्यावरचे मेडिकलवाले शेठजी. बाकीच्यांनी नवी पेठेतून प्लास्टिकची फुलं आणली. त्यांच्या बागा मस्त चालल्यात.

*

आमचं पहिलं दुखणं पाण्याचं. नळ येतो चार-पाच दिवसांआड, आणि बोअरचं पाणी इतकं खारं की पानांच्या कडा करपतात. म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी गुलाबाला.

एका दिवाळीला काळेसरांचे जावई आले. पहाटे अभ्यंगस्नानाला सरांनी पाट मांडला तो थेट अंगणात, गुलाबाच्या आळ्याशेजारी. जावई कुडकुडत बसले. साबण मागितला, तर सर म्हणाले, "जावईबापू, नुसतं उटणं लावा. साबणानं मुळं जळतात."

पुढच्या दिवाळीला लेक एकटीच आली.

*

मे महिन्यात आमच्याकडे झाडं उभ्या उभ्या भाजतात. शेठजींनी दुकानाची मोठी छत्री नेऊन एका कुंडीला बांधली आणि स्वतः भर दुपारी उघड्या डोक्यानं दुकान उघडायला गेले. व्हायचं तेच झालं. ऊन लागलं, ॲडमिट केलं, सलाईन लावलं.

आम्ही भेटायला गेलो. शेठजींनी डोळे उघडले आणि बायकोला विचारलं, "छत्री उडाली नाही ना?"

वहिनी म्हणाल्या, "छत्री आहे. गुलाब गेला." शेठजींनी परत डोळे मिटले.

*

माझंही ऐका. टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून मी पिवळ्या गुलाबाचं कलम आणलं. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, लेकराला जपावं तसं जपलं. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं, पण कळी काही धरेना.

शेवटी सरांना दाखवलं. त्यांनी वाकून बुंधा बघितला. कलमाची फांदी कधीच वाळून गेली होती. मी इतके महिने जोपासत होते ते खालून फुटलेलं जंगली झाड होतं.

शेठजी म्हणाले, "असू द्या ताई. कुंपणाला चांगलं आहे."

त्या दिवशी मला खरंच रडू आलं. नवरा म्हणाला, झाडासाठी कुणी रडतं का?

*

आणि या सगळ्यातून जे फूल वाचतं, त्याला अक्का भेटतात. अक्का मागच्या गल्लीतल्या. घरात यंत्रमाग, घरची बोली तेलुगू. पहाटे प्लास्टिकची पिशवी घेऊन निघतात आणि कंपाउंडमधून हात घालून दिसेल ते फूल देवीसाठी खुडतात. देवासाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणायची पद्धत आपल्याकडे नाही.

काळेसरांनी गेटवर पाटी लावली, 'फुले तोडू नयेत'. दुसऱ्या दिवशी बघतो तर अक्कांनी पिशवी त्याच पाटीला अडकवलेली आणि दोन्ही हातांनी फुलं तोडणं चाललेलं.

सर ओरडले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मी कुटं माज्यासाटी नेतेय, सर? देवीचंच हाय की."

*

आता शेवटचं. यंदा काळेवहिनींचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. सरांनी त्यांची कॉट अंगणाच्या खिडकीशी घेतली. समोर वहिनींनीच लावलेला गुलाबी गुलाब. उन्हाळ्यानं पार खराटा झाला होता त्याचा, पण कशा कोण जाणे, दोन कळ्या धरल्या. वहिनी म्हणाल्या, "एक तरी उमललेला बघू द्या हो मला."

सर पहाटेपासून खुर्ची टाकून राखणीला बसायचे. एका सकाळी वहिनींना औषध द्यायला आत गेले. बाहेर आले तर मोठी कळी गायब.

सर तडक अक्कांच्या घरी निघाले. त्यांचा चेहरा बघून मीही मागे धावले. अक्का दारातच भेटल्या, नुकत्याच देवळातून आलेल्या. सर तोंड उघडणार, तोच त्यांनी कुंकवाची पुडी पुढे केली.

"वैनींसाटी नवस बोललेय, सर. त्यांना उटून बसू दे म्हनून रोज एक फूल वाहते देवीला. आज त्यांच्याच झाडाची कळी लई चांगली गावली. हे लावा त्यांच्या कपाळाला."

सरांनी पुडी घेतली. घरी जाऊन वहिनींच्या कपाळाला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दारात आले, तर समोर सर कात्री घेऊन गुलाबापाशी उभे. वहिनींना दिसू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढलेला. गेटबाहेर अक्का. राहिलेली कळी टचटचीत भरली होती, पाकळीची कड सुटायला लागली होती. सरांनी ती कापली आणि अक्कांपुढे धरली.

अक्कांनी पहिल्यांदाच हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या की, सर. उद्या उमलंल."

"उद्याचं राहू द्या, अक्का," सर म्हणाले, "आजच वाहा."