पहिली हाक

परवा भरदुपारी रिकाम्या ऑफिसात घोंगडीचा वास आला आणि माझे हात कीबोर्डवरच थांबले. पूर्वी बजाजनगरच्या ऑफिसात एसी लई गार असायचा, म्हणून पैठणकडचा माझा एक सहकारी बापाची घोंगडी पांघरून कोड लिहायचा. दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आम्ही वापरायचो ती तयार कोडची लायब्ररी त्यानंच लिहिलेली. क्लायंटच्या, म्हणजे विचारणाऱ्या कॉम्प्युटरच्या, प्रत्येक फंक्शनचं नाव त्यानं 'हाक'पासून सुरू केलं होतं, उत्तर देणाऱ्या सर्व्हरच्या प्रत्येकाचं 'ओ'पासून. घरचे मेंढरं राखणारे. माळावर असंच बोलतात, म्हणायचा. नावं कुणाला खटकली नाहीत, पण त्याचा सर्व्हर पहिली हाक सोडून द्यायचा आणि दुसरीलाच उत्तर द्यायचा. साहेब चिडले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "माळावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नसती, सर. माणूस असंल तर पुन्हा हाक मारतंयच." सगळे हसले. त्यानं मुकाट्यानं ते बदललं. त्याच वर्षी पावसाळ्यात पैठण रस्त्यावर अपघातात तो गेला. परवा त्या वासामागोमाग माझ्या पाठीमागून त्याच्याच आवाजात माझं नाव आलं, एकदाच. ओ अगदी ओठांवर आली होती. ती मी गिळली, आणि तेव्हापासून दुसऱ्या हाकेची वाट बघतोय.