मास्तरांचे बूट

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. सांभाळून घ्या. चौथी शिकलेली बाई नातवाच्या वहीत लिहिते आहे. आणि जे लिहिते आहे ते आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, तो गेला; मुलाला तर नाहीच.

इथे अमेरिकेत, मुलाकडे ट्रॉयमध्ये, सगळे म्हणतात, काकू किती शांत. शांत? मी शांत कशी झाले ते आधी सांगते.

चौथीच्या शेवटी मास्तरांनी माझी पाटी वर्गाला दाखवली. "कोंबडी चालून गेली का गं हिच्यावरनं?" पोरं हसली. मग पाटीला दोरी बांधून ती माझ्या गळ्यात अडकवली आणि मला तशीच गावातून घरी पाठवलं. पारावरची मोठी माणसंही हसली. मी पुन्हा शाळेत गेले नाही. बोलणंही तिथेच आटलं.

चार वर्षांनी आमच्या भागात आमचं राज्य आलं. इंग्रजाची लढाई लांब कुठेतरी चालू होती, आणि इकडे आमच्या पोरांनी त्याची कचेरी, त्याचे पोलीस, सगळंच झुगारलं. भांडणतंटा आमराईत मिटायचा. शिक्षाही तिथेच व्हायची — तळपायावर काठ्या. आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

आमच्या गोठ्यात त्या भूमिगत पोरांतले दोघे जण लपले होते. त्यांच्या भाकरी मी थापायची. एकदा विहिरीवर पोलीस पाटलाची बायको म्हणाली, "घरात माणसं चार, आणि दळण एवढं कुणाला गं?"

"पाहुणे आलेत," मी म्हणाले.

आमच्या गावात पाहुणा आला की अख्ख्या आळीला त्याचा चेहरा माहीत होतो. न दिसणारा पाहुणा असतो का कधी? दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि दोघांना गोठ्यातून धरून नेलं.

आमराईत न्याय बसला. मला विचारलं, गोठ्याकडे कोण येऊन गेलं?

तुम्हाला वाटेल, घाबरून बोलले. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. पण खरं सांगू? भीती नंतर आली. आधी आठवली ती पाटी.

"मास्तर," मी म्हणाले.

कधी न बोलणारी पोरगी बोलली — ती खोटं कशाला बोलेल? मास्तर म्हणाले, "पोरी, देवाची शपथ घेऊन सांग." मी घेतली. त्यांच्या तळपायांवर काठ्या पडल्या, आणि धरलेल्या दोघांच्या घरांसाठी साठ रुपये दंड झाला. मी आंब्याच्या झाडाआडून बघत होते. मला आनंद झाला. तो शब्द मी खोडणार नाही.

मग लढाई संपली. भूमिगत पोरं उजळ माथ्यानं घरी आली, आणि आमचं राज्य कधी विरलं ते कळलंही नाही. आमराईत पुन्हा गुरं बसू लागली. आता खरं सांगायचं तरी कुणापुढे? ते राज्यच नव्हतं.

आणि गेल्या गणपतीला, इथल्या शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या चपला दाराशी आणि एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बूट घालून बसलेले. त्यांचा मुलगा सगळ्यांना सांगत होता, "सॉरी हं, बाबांना अनवाणी चालता येत नाही." मी आवाजावरून ओळखलं. ते चार-पाच स्टुडंट पोरांना आमच्या राज्याच्या गोष्टी सांगत होते. वकील नाही, तारखा नाहीत, न्याय एका दिवसात!

"पण काका, मग चुकीच्या माणसाला शिक्षा झाली तर?" एकानं विचारलं.

"झाली की," मास्तर म्हणाले. "म्हणून काय राज्य आपलं नव्हतं?"

मला पाझर फुटायला हवा होता, नाही का? नाही फुटला. पोरं त्यांच्याभोवती बसलेली, त्यांच्याच बोलण्यावर हसणारी — आणि माझ्या छातीवर ती पाटी पुन्हा आपटली. साठीला आलेली बाई मी. आजही वाटलं — बरं झालं.

पण मग ते साठ रुपये खुपायला लागले. त्या माणसाचं देणं अंगावर ठेवून त्याच्यावर धड रागावताही येईना. माझ्याकडे डॉलर नाहीत. येताना मुलानं तिकडच्या टॅक्सीसाठी ठेवायला सांगितलेल्या दहा रुपयांच्या सहा नोटा ट्रंकेत होत्या. इथे त्यांना कोण विचारतं? त्या वहीच्या कागदात गुंडाळल्या. वर लिहिलं, आमराईतला दंड.

दिवाळीच्या कार्यक्रमात पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून अक्षर पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोंबडी," ते म्हणाले. हळू.

मी मान खाली घातली नाही. त्यांनी पुडी सोडली, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

"पुरे आहेत," म्हणाले, आणि खिशात ठेवल्या.

पायांचं ते काही बोलले नाहीत. मीही नाही. साठ रुपये तेवढे पूर्ण फिटले.