दुसरा रिमोट जोडलेलाच नव्हता

धाराशिवला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सतरा वर्षं काम करते. अंगात येणं, बाधा, नजर असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. म्हणून हे लिहावं की नको यातच सहा महिने गेले. शेवटी म्हटलं, जसं दिसलं तसं लिहून मोकळं व्हावं.

माझा मोठा भाऊ, दादा, नळदुर्गला असतो. हायवेच्या कडेला त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, मागच्या गल्लीत घर. घरात तो, वैनी आणि नऊ वर्षांची गौरी. आमची आई त्याच्याकडंच असायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी कामानिमित्त पुण्याला गेले होते. मिळेल त्या एसटीनं निघाले. तासातासाला दादाला फोन करून ‘मी येतेय’ सांगत होते. पोचले तर सगळे स्मशानातून परत येऊन अंघोळी करत होते. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून मी दादाशी बोलणं टाकलं. अगदी राखीलासुद्धा गेले नाही.

यंदा जानेवारीत वैनीचा फोन आला. दादाची मोटारसायकल घसरली होती, डोक्याला मार... सोलापूरच्या एका दवाखान्यात आयसीयूमध्ये, बेशुद्ध. वैनी तिथं बसून, घरी गौरी एकटी. मी रजा टाकून नळदुर्गला गेले. दोन वर्षांनी त्या घरात पाऊल ठेवलं ते असं.

तिसरा दिवस, रविवार. दुपारचे अडीच वाजले असतील. गौरीनं ताट तसंच ठेवलेलं.

“आत्या, पप्पा मरनार हायत का गं?”

मी म्हटलं, “चल, तुला तुझ्या पप्पाची एक गंमत दाखवते.”

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आमचा लहानपणीचा टीव्ही गेम असायचा. काढून बघितला तर होता. पिवळी कॅसेटही होती. एका इंग्रजी पिक्चरवरचा गेम — परग्रहावरची खाण, यंत्रं माणसांवरच उलटलेली, आत अडकलेली माणसं सोडवून वर आणायची. पिक्चर आम्ही केबलवर हिंदीत बघितला होता, आणि गेम तर दादा आणि मी कितीतरी सुट्ट्या खेळलो. मी निळा गडी, तो लाल. लाल गडी कुठल्याही शिडीपाशी आला की दोनदा उडी मारायचा आणि मगच चढायचा. दादाची ती सवयच होती, काही कारण नाही.

दोन रिमोटपैकी एकाची वायर उंदरानं पार कुरतडलेली. तो ट्रंकेतच राहू दिला. एकच रिमोट लावला, कॅसेटमध्ये फुंकर मारली, आणि तिसऱ्या खेपेला चित्र आलं. गौरी पहिल्यांदा हसली. रिमोट आधी तिच्या हातात होता. तिनं गडबडीत दोन जणांचा खेळ निवडला.

“अगं, लाल गड्याला कोण चालवणार? तो जागचा हलला नाही तर पडदा पुढं सरकत नाही.”

बंद करायला मी हात पुढं केला, तेवढ्यात गौरी म्हणाली, “आत्या, चालाय लागला की त्यो.”

लाल गडी चालत होता. मला वाटलं जुनं मशीन आहे, सर्किट बिघडलं असेल. तसं मी बोललेही. पण मग शिडी आली... आणि तो थांबला. दोनदा उडी मारली. मग चढला.

मी गौरीच्या हातातून रिमोट घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. भीती वाटत नव्हती. फक्त आता मलाच खेळलं पाहिजे असं वाटलं.

चौथ्या टप्प्यात एक लिफ्ट आहे. एकानं खाली बटणावर उभं राहायचं, म्हणजे दुसऱ्याला घेऊन लिफ्ट वर जाते. खालून लाव्हा चढत असतो. वर गेलेल्यानं तिथलं बटण दाबून धरलं, तर लिफ्ट पहिल्याला आणायला खाली जाते. लहानपणी मी कधीच थांबायचे नाही. वर पोचले की दरवाज्याकडं पळायचे, आणि दादाचा गडी खालीच जळायचा. तो चिडायचा, आणि पुढच्या डावात परत बटणावर जाऊन उभा राहायचा.

लाल गडी बटणावर जाऊन उभा राहिला. मी वर गेले. दरवाजा समोरच होता.

“आत्या, त्येला सोडून जायाचं न्हाय,” गौरी माझा दंड धरून म्हणाली.

मी बटण दाबून धरलं. लिफ्ट सावकाश खाली गेली. लाव्हा त्याच्या पायाला टेकायला आला होता... आणि तो चढला. वर आला. दोघं दरवाज्यातून बाहेर पडले आणि लाईट गेली. मोबाईलमध्ये तीन चाळीस झाले होते.

चार वाजता वैनीचा फोन. “साडेतीनला बीपी एकदमच खाली गेलं बघा, ताई. मला भाईर काढलं. म्या तर आशाच सोडली व्हती. आता सुधारलंय. धोका टळला म्हनतेत.”

मी गौरीला जवळ घेतलं. खेळाचं काहीच बोलले नाही, तिलाही कुणाला सांगू नको म्हटलं.

धाराशिवला आल्यावर मिस्टरांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, जुन्या मशीनमध्ये होतं असं. मलाही ते पटायला हवं होतं. म्हणून मशीन एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं नेलं. त्यानं ते उघडलं आणि म्हणाला, “ताई, दुसरा रिमोट लावायच्या जागंच्या आतल्या तारा कवाच गंजून तुटल्यात. नवा रिमोट आणला तरी त्यो गडी हलनार न्हाय.”

तीन आठवड्यांनी दादाला घरी आणलं. मी भेटायला गेले. तो पडून होता, बोलणं जड झालेलं. वैनी आत चहा करत होती. माझ्याकडं बघून तो म्हणाला, “संगे... या टायमाला तू लिफ्ट खाली सोडलीस.”

मी त्याच्या जवळ सरकले. “कुठली लिफ्ट, दादा?”

तो आठवत राहिला. “काय की. सपनात असंल.”

गौरीला नंतर बाजूला घेऊन विचारलं. तिनं गळ्याची शपथ घेतली, कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि शिडीपाशी लाल गड्याला दोनदा उडी मारायला लावायची पप्पाची सवय तर तिला त्या रविवारपर्यंत माहीतही नव्हती.

त्याच दिवशी मी दादाला आईचं विचारलं. दोन वर्षं गिळून ठेवलेलं. तो छताकडं बघत म्हणाला, “लोक घाई करत व्हते, संगे. पर म्या थांबवाय पायजे व्हतं त्येंना. तू वाटंत हायस हे मला ठावं व्हतं.” मी त्याचा हात धरून बसले. वैनीनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

दादा आता गॅरेजमध्ये दुपारपर्यंत बसतो. आमचं बोलणं सुरू झालंय. त्या रविवारी लाल गडी कुणी चालवला, हे मात्र मला आजही सांगता येत नाही. गौरीला विचारलं तर ती माझ्याकडंच नवलानं बघते. “पप्पाच की,” म्हणते आणि खेळायला पळते.