वेलिकाची मूठ

कझानलकच्या खोऱ्यात गुलाबाचं तेल काढायची भट्टी लावणाऱ्या बायका फार नव्हत्या. नवरा गेल्यावर वेलिकाने ती लावली आणि त्या दिवसापासून कुणावर म्हणून विश्वास ठेवला नाही. फुलं आणणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत ती कोपरापर्यंत हात घाली. वजन वाढवायला पाणी शिंपडलेलं असणारच, अशी तिची खात्री! अशा बाईचा जावई कुणी व्हावं? मिन्चो झाला. आणि त्याचा बाप विकायचा जिरेनियमचं तेल. ते स्वस्त तेल गुलाबाच्या तेलात किती बेमालूम मिसळतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

त्या सकाळी मिन्चो भट्टीपाशी एकटा होता. नंतर वेलिकाला तेलाचा वास वेगळा वाटला. झालं! तिने शेजारपाजार गोळा केला. चोख तेल गार पाण्यात गोठतं. भेसळीचं पातळच राहतं. तिने झऱ्याच्या पाण्याची बादली मागवली आणि तेलाची बाटली मुठीत आवळून हातासकट आत बुडवली.

"अगं, बाटली सोड की पाण्यात," शेजारचा ड्रागोय म्हणाला.

"सोडते हं! म्हणजे तुम्ही बदलायला मोकळे."

बऱ्याच वेळाने तिने हात वर काढला. तेल पातळच होतं.

"बघा! ह्या मेल्याने बापाचा माल खपवला!"

"सासूबाई, शपथ घेतो, मी हातसुद्धा लावला नाही."

"हात कशाला लावशील? ओतलंस!"

मिन्चो पडल्या चेहऱ्याने चालता झाला. वेलिकाच्या लेकीने, रुसकाने, एप्रन सोडून आईसमोर ठेवला आणि ती नवऱ्यामागून निघून गेली. वेलिकाने संतापाने बाटली बादलीत टाकली.

दुपारी बादली रिकामी करायला गेली, तर बाटलीतलं तेल सुईसारख्या कणांनी गच्च गोठलेलं. तिच्याच मुठीच्या उबेने मघाशी ते गोठलं नव्हतं. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ती मिन्चोच्या घरी धावली. दार रुसकाने उघडलं.

"चल गं घरी. तेल चोख आहे. माझ्याच हाताने घात केला. जावयाच्या पाया पडते हवं तर."

"तेल गोठलं म्हणून आलीस, आई," रुसका म्हणाली. "नसतं गोठलं तर?"

वेलिकाने तोंड उघडलं. पण खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.