रुखवतातली गाडी

मामानं कुवेतहून पाठवलेला खोका मायनं उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! फुटली की गं!"

खोक्यावर निळ्या रंगाच्या अमेरिकन मोटारीचं चित्र होतं. दोनच दारं, लांबलचक नाक, नाकावरून मागपर्यंत गेलेले दोन पांढरे पट्टे. खोक्यात मात्र मोटार नव्हतीच. प्लास्टिकच्या जाळ्यांना लगडलेले बारके-बारके तुकडे होते, चार रबरी टायर होते आणि एक घडी घातलेला कागद. मामा तिकडं ट्रक चालवायचा. गावाकडं येणारा कुणी भेटला की त्याच्या हाती काहीबाही पाठवायचा, साबण, ब्लँकेट, अत्तर. या खेपेला भाचीसाठी गाडी पाठवली आणि तिचा असा चुरा होऊन आला, म्हणून माय रडायच्या बेताला आली होती.

बाबांनी खोका कानाशी धरून हलवला. "फुटली न्हाई ही. फसवलं त्याला. परमुलखात बी चोर कमी न्हाईत."

मी तेव्हा नववीत होते. कागद उघडला तर त्यात ओळीनं चित्रं, प्रत्येक तुकड्याला नंबर आणि कुठला तुकडा कुठं बसतो ते दाखवणारे बाण. मी म्हटलं, "बाबा, ही जोडायची हाय."

"जोडायची?" बाबांचे डोळे कपाळात गेले. "म्हंजे पैसे बी आपणच द्यायचे अन् काम बी आपणच करायचं?"

आमच्या बाबांची काळी-पिवळी जीप होती. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली, पुन्हा माघारी. आत जितकी माणसं, तितकीच बाहेर लोंबकळणारी. त्या जीपवर आमचं घर चालायचं. शेत नाही, दुकान नाही, दुसरं काही म्हणजे काही नाही. जीप बिघडली की बाबा तिच्याखाली शिरायचे आणि मी बाहेर बसून पाने द्यायचे. दहाचा पाना मागितला तर दहाचाच द्यायचे, त्यामुळे त्यांची माझ्यावर मर्जी होती. माय म्हणायची, "पोरीला पोळ्या शिकू द्या, न्हाई तर सासरी जाऊन इंजिन वाढील ताटात."

मामाचा पुढं फोन आला तेव्हा कळलं, तिकडं असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मसल म्हणजे दंडातली बेटकुळी. आमची ही खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी, पण सगळं बराबर तेच, आरसा तोच, स्प्रिंगचा पाटा तोच, नळी तीच. मी इंजिन जोडून बाबांना दाखवलं. त्यांनी सिलिंडर मोजले आणि मटकन खालीच बसले. "आठ? आरं तिच्या! माझ्या जीपला चार, अन् त्यातलं एक सदा आजारी!"

आता जोडायला डिंक कुठला? खोक्यात नव्हता. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला लावतात ते सोल्युशन शेजाऱ्यांकडून आणलं, तर त्यानं प्लास्टिकच खाल्लं. मग सुईच्या टोकावर घेऊन लावायला शिकले. रंगाचीही तीच गत. नेलपॉलिश लावलं आणि बघता बघता मागच्या बंपरला सुरकुत्या पडल्या. मी इतकी जोरात किंचाळले की माय पीठ भरल्या हातानं धावत आली. तिला वाटलं विंचू चावला. शेवटी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो निळा ऑइलपेंट कामी आला. टर्पेंटाइन घालून पातळ करायचा, एक हात द्यायचा, वाळला की ओल्या पॉलिशकागदानं घासायचा, पुन्हा हात. गाडी पूर्ण झाली तेव्हा गल्लीतले सगळे बघायला आले आणि सगळ्यांनी एकच चूक काढली. स्टेअरिंग डाव्या बाजूला! "पोरीच्या जातीला असली कामं जमतात व्हय?" एक म्हातारा म्हणाला. मी त्याला खोक्यावरचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, चित्रबी चुकलं.

असो. मामा पाठवत गेला, मी जोडत गेले. पहिली गाडी बिघडली, दुसरी बरी झाली, तिसरीला, तीही निळीच, मी खोक्यात नसलेल्या गोष्टीही केल्या. प्लगच्या वायरी काळ्या दोऱ्याच्या. रेडिएटरची नळी जुन्या वायरीचं आवरण सोलून केलेली. तेही अंदाजपंचे नाही, मामानं धाडलेल्या मासिकातला फोटो भिंगाखाली धरून. हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून काम करायचे. जगात मला दुसरं काही इतकं आवडायचं नाही, खोटं काहून बोलू?

एकविसावं लागलं आणि माझं लग्न ठरलं. मुलगा वारंगा फाट्याचा. त्याच्या वडलांचं फाट्यावर टायरचं दुकान. माणसं चांगली होती. बोलणीत त्यांनी काही म्हणजे काही मागितलं नाही, हे मी आजही छातीठोक सांगते.

अडचण होती ती रुखवताची. लग्नात नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडायच्या, आणि वऱ्हाडातल्या बायांनी येऊन एकेक उचलून बघायची. माझ्याकडं लोकरीचा ससा नाही, मण्यांचं तोरण नाही, शंखशिंपल्याचा गणपती नाही. माय हैराण झाली. "काय ठिवू गं? दहाचा पाना ठिवू का?" शेवटी तिनंच तोडगा काढला. पोरीच्या हातचंच मांडायचं ना? मग साखरपुड्यानंतर पुरी झालेली तिसरी गाडी ठेवायची. टेबलावर भली मोठी करंजी, शेवयांची टोपली, आणि मधोमध माझी निळी गाडी. माय ती हौशी. तिनं बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि गाडीला झेंडूचा हार घातला.

मी ते पाहिलं आणि रंग जाईल म्हणून ओरडले. काळजी होती ती रंगाची. हारानं काय होणार आहे ते माझ्याही ध्यानात आलं नाही, आणि मायच्या तर नाहीच नाही.

आमच्याकडं एक रीत पडली होती. जावयाला मोठं काही द्यायचं कबूल केलं, आणि ते वेळेवर आलं नाही, तर रुखवतात त्याची प्रतिकृती हार घालून ठेवायची. आदल्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या एका लग्नात खेळण्यातली मोटारसायकल अशी मांडली होती आणि खरी पंधरवड्यानं आली. म्हणजे हार घातलेली वस्तू हा नुसता शो नव्हे, तो बापाचा शब्द.

लग्न शाळेच्या मैदानात होतं. मी एका वर्गात मुंडावळ्या बांधून बसले होते, खिडकीतून मांडव दिसत होता. वऱ्हाड आलं, बाया रुखवताकडं गेल्या. त्यांच्या मागून माझे होणारे सासरे गेले. त्यांनी वाकून गाडी पाहिली, टायरवरची इवलाली अक्षरं वाचली, बॉनेट उचलून आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला बाई गुदगुल्या झाल्या. म्हटलं, चला, कुणाला तरी कळलं! ते लगबगीनं माइकवाल्याकडं गेले, त्याच्या कानात काही बोलले.

आणि भोंग्यातून आवाज आला, "वधूपित्याकडून जावईबापूंना सप्रेम भेट... चारचाकी गाडी!"

टाळ्या! शिट्ट्या! बँडवाल्यानं तर ढोल बडवला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कुठली चारचाकी? कुणाची चारचाकी? खिडकीतून बाबा दिसत होते. हातात अक्षतांचं ताट, आणि माणूस जागच्या जागी थिजलेला. मी मनात ओरडले, बाबा, न्हाई म्हणा! हसून सांगा की ते पोरीनं केलेलं खेळणं हाय! दोन शब्दांचं काम होतं. बाबांनी मांडवभर नजर फिरवली. शे-दोनशे माणसं त्यांच्याकडं बघून टाळ्या वाजवत होती. मग त्यांनी ताट खाली ठेवलं, विजारीच्या खिशात हात घातला आणि जीपची चावी काढली.

जीपची!

सासऱ्यांच्या, म्हणजे आपल्या व्याह्यांच्या हातात चावी ठेवून ते म्हणाले, "नवी न्हाई इवाई, पण चालती हाय. बाहेरच उभी हाय." माइक जवळच होता, त्यामुळे भोंग्यातून सगळ्या गोरेगावनं ते ऐकलं. सासऱ्यांनी चावी घेतली. हसत घेतली आणि बाबांना मिठी मारली.

मला रडू नाही आलं. राग आला, असा राग की कानातून वाफ निघावी. उद्यापासून माझी माय काय खाणार, हा एकच विचार डोक्यात होता. मी उठले आणि बाहेर पडले. "अगं अगं, नवरी कुठं चालली! अंतरपाट न्हाई धरला अजून!" बाया मागं धावल्या. मी सरळ रुखवतापाशी गेले, हार काढून फेकला आणि गाडी उचलली.

"मामंजी, ही गाडी मी केलीय. ह्या हातानं. रुखवताची हाय, हुंड्याची न्हाई. बाबांची चावी परत द्या."

सासरे बिचारे आधी हसलेच. त्यांना वाटलं, पोरगी बापाला वाचवण्यासाठी थाप मारून राहिली. "सूनबाई, माझा जल्म टायरात गेला. ही घरी झालेली वस्तू न्हाई. असलं बारीक काम कारखान्यातच होतं. शोरूमवाले नमुना देतात, तो हा." त्यांचंही चूक नव्हतं. मी गाडी इतकी बराबर केली होती की ती माझी आहे हे कुणाला पटेचना! माझीच करामत माझ्या बापाच्या मुळावर उठली होती.

आता एकच उपाय होता. शेजारी नवरदेव उभा होता, बाशिंग बांधून, हातात लिंबू टोचलेली कट्यार धरून. मी ती हिसकावली. नवरदेव "आई गं!" म्हणून दोन पावलं मागं उडाला. "नवरीनं कट्यार घेतली! धरा तिला!" कुणीतरी ओरडलं, एक म्हातारी तर खुर्चीवरून खाली बसली. मी लिंबू उपटून टाकलं, कट्यारीचं टोक गाडीच्या पोटाशी खुपसलं आणि पिळलं.

कट्ट! तो आवाज माझ्या हाडांत गेला. पाइपाचं सोल्युशन ते, सहजी सुटतंय थोडंच. गाडीचा वरचा टप खालच्या सांगाड्यापासून तुटला, पुढची काच उडून अक्षतांत पडली, दाराजवळ रंगाचा पापुद्रा निघाला. वर्षभराची मेहनत होती ती. जीव कळवळला, पण हात थांबवला नाही. आतल्या सीट बाहेर काढल्या आणि सासऱ्यांच्या डोळ्यापुढं धरल्या.

"बघा कापड. काळी-पांढरी बारीक चौकडी. खऱ्या गाडीला असंच असतं. मला कुठं मिळेना. साखरपुड्याला तुमी बाबांना शर्टपीस दिला ना, त्याचा कोपरा कापला मी. आता कारखान्यात तुमचा शर्टपीस गेला होता का, तेवढं सांगा."

सासऱ्यांनी सीट हातात घेतली. बोटाच्या पेरावर मावेल एवढी. मग त्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबांच्या अंगात त्याच कापडाचा शर्ट होता, लग्नासाठी खास शिवलेला. सीट, शर्ट, पुन्हा सीट. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी जवळून पाहिला. माझ्या नवऱ्याला विचारलं की तू तेव्हा काहून बोलला नाहीस, तर तो अजून म्हणतो, मला काही सुधरलंच न्हाई.

"इवाई," सासरे बाबांना म्हणाले, "तुमी काहून गप बसला?"

बाबा खाली बघत म्हणाले, "माइकवर पुकारलं होतं तुमी. न्हाई म्हटलं असतं तर पोरगी मांडवात राहिली असती."

"आमी तसले माणसं न्हाई हो! आमी काही मागितलं का? एका शब्दानं मागितलं का? गाडी न्हाई म्हणून पोरीला टाकून गेलो असतो का आमी?" सासरे तावातावानं बोलायला लागले आणि मधेच थांबले. त्यांची नजर स्वतःच्या मुठीवर गेली. चावी तिथंच होती, बाबांनी दिल्यापासून त्यांनी ती सोडली नव्हती.

ते खुर्चीत बसले. डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. मग चावी बाबांपुढं धरली.

"टाकून गेलो नसतो," ते हळूच म्हणाले. "पण जीप नेली असती, इवाई. तुमची तकलीफ न विचारता, हसत नेली असती."