टॅगिंगवाली

"हिची आई आमच्याच गाळ्यावर कांदा निवडती, सर. म्हणून हिचा हात असा बसलेलाय."

प्रथमेश हे हसत बोलला. कौतुकानंच. लॅबमध्ये आमचा एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा अख्खा वर्ग होता. विभागप्रमुख सर होते. पडद्यावर उसाच्या कडेला उभा असलेला बिबट्या होता आणि बिबट्याभोवती लाल चौकट. ती चौकट मी काढलेली.

सर म्हणाले, "मग रक्तातच आहे म्हणा की. आमची टॅगिंगवाली."

वर्ग हसला. मीही हसले. गाल दुखेपर्यंत.

प्रोजेक्ट प्रथमेशचा आणि माझा, दोघांचा होता. प्रथमेशच्या उसात कॅमेरे लावलेले. फोटोत बिबट्या आला की मशीननं तो ओळखायचा आणि वस्तीवरच्या फोनवर सूचना पाठवायची. पण मशीनला आधी शिकवावं लागतं. हा बिबट्या, हे कुत्रं, हे वासरू. एकेक फोटो उघडायचा, चौकट काढायची, नाव द्यायचं. याला टॅगिंग म्हणतात. वर्षभर ते मी केलं. प्रोग्रामही अर्धा माझा होता. त्या दिवशी पहिल्या स्लाइडवर एकट्या प्रथमेशचं नाव होतं. माझं शेवटच्या स्लाइडवर, आभारात.

त्याच दिवशी दुसऱ्या वर्षाचं स्पेशलायझेशन सांगायचं होतं. मशीन लर्निंग किंवा सॉफ्टवेअर टेस्टिंग. त्याला लागणारी मोठी कॉम्प्युटर मशीनं मोजकी, म्हणून मशीन लर्निंगच्या जागाही मोजक्या. त्या गुणांप्रमाणे द्यायच्या. वर्गात पहिली मी होते.

सरांनी मला विचारलंच नाही.

"तू टेस्टिंग घे. चिकाटीचं काम आहे. मशीन लर्निंगला गणित लागतं, जरा धीटपणा लागतो."

गणितात सर्वांत जास्त गुण माझे होते. ते सरांनीच दिले होते.

मी म्हणाले, "हो सर."

मंचरच्या इंग्लिश मीडियम शाळेत मी आरटीईच्या, म्हणजे बिनफीच्या राखीव जागेवर शिकले. विचारलं की उभं राहून, पूर्ण वाक्यात, इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे तिथं शिकवलं. विचारलंच नाही तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. शाळेत मैत्रिणींना सांगायचे, आई मार्केट कमिटीत आहे. स्नेहसंमेलनाला आई डोक्यावरून न्हाऊन यायची, तरी साडीला कांद्याचा वास असायचा. ती गेटपाशीच थांबायची. आत ये, असं मी तिला कधी म्हणाले नाही.

घरी जाताना एसटीत कळलं की मला राग आलेलाच नाही. लाज वाटतेय. आणि ती प्रथमेशच्या बोलण्याची नाही, आईची वाटतेय. मग त्या लाजेचीही लाज वाटली. उतरायचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावरून चालत आले.

आई पायावर गरम पाणी ओतत बसली होती. मी अर्धंच सांगितलं. तिला पुरलं.

"घे की मग ते टेस्टिंग. सावलीतलं काम हाय न्हवं? गाळेवाल्या भाऊंच्या पोराशी वाकडं घेऊ नगं. गाळ्यावर बाया लई झाल्यात आता."

"माझे मार्क जास्त आहेत, आई."

"आसतील. पण त्यो खोटं काय बोलला? निवडतीच की मी कांदं."

खोटं नव्हतंच. म्हणून तर वर्गात मला काही बोलता आलं नाही. खरं तेच सांगायचं, हसत सांगायचं, आणि समोरच्याला खाली बसवायचं. त्याला ओरडावंही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. प्रथमेश तिथं खुर्चीत बसून चहा पीत होता. मला कुणी बस म्हणालं नाही. मनात इंग्रजी वाक्य तयार करून नेलं होतं. ते आठवलंच नाही.

"सर, मी मशीन लर्निंग घेणार आहे."

"काल तर हो म्हणालीस."

"काल चुकलं."

"अगं, जागा भरल्यात. आणि ती मशीनं यांच्या वडिलांनी दिलीत कॉलेजला. थोडा विचार करावा लागतो."

"जागा गुणांप्रमाणे भरायच्या, अशी नोटीस तुमच्याच सहीची आहे, सर."

प्रथमेशनं कप खाली ठेवला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"मग आपल्या प्रोजेक्टचं टॅगिंग कोण करणार?"

"तू कर."

तो हळूच म्हणाला, "आईला विचारलंस का घरी?"

धमकी नव्हती. साधा प्रश्न होता.

"आईचा विषय इथं काढायचा नाही." आवाज फाटला. पण वाक्य पूर्ण झालं.

सरांनी नोटीस काढून पुन्हा वाचली. शेवटी माझं नाव मशीन लर्निंगला लिहिलं. बघितलं नाही माझ्याकडे.

पुढच्याच आठवड्यात गाळ्यावरून आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नका, बाया पुरेशा आहेत. आता ती लांबच्या एका कांद्याच्या शेडवर जाते. पहाटेच निघते. मला काही बोलत नाही. परवा जेवताना एवढंच म्हणाली, "घेतलंस ना तुला पायजे ते? शीक आता." तिनं मला माफ केलेलं नाही. करावं, असं मी तिला सांगणारही नाही. बोलले मी आणि काम गेलं तिचं. ही लाज खरी आहे, ती माझ्याजवळ राहील.

पण ती घेऊन मी टेस्टिंगकडे परत जाणार नाही. प्रथमेशच्या वडिलांनी दिलेल्या मशीनवर रोज मीच बसते. माझा प्रोग्राम आता मी एकटी लिहिते आणि पहिल्या ओळीत माझं नाव घालते. कुणी मागे येऊन उभं राहिलं तर पाठ ताठ होते, घामही येतो. येऊ दे. ऊठ म्हणाले तर मी उठणार नाही.