तात्यांच्या लाह्या

“पुन्हा सणसर?” सोमणसाहेबांनी कागद टेबलावर आपटला. “अहो, ही बॅटरी आहे की बत्तासा? दीड महिन्यात विरघळली!”

सणसर गावचा सेट मीच बसवलेला होता.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी रेडिओ मेकॅनिक होतो. बारामतीला आमची दुरुस्तीची खोली होती आणि तिथून आसपासच्या गावांत चावडीवर सार्वजनिक रेडिओ बसवायचे, हे आमचं काम. गावात वीज नाही, म्हणून सेट ड्राय बॅटरीवर चालायचा. ड्राय बॅटरी म्हणजे टॉर्चच्या सेलचा थोरला भाऊ, विटेएवढा ठोकळा. एकदा संपला की संपला, परत भरता येत नाही. संध्याकाळचा गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम तेवढा ऐकला तर चार महिने सहज चालायचा. बाकी गावांत चालतही होता.

“कोणीतरी दिवसभर गाणी ऐकतंय,” साहेब म्हणाले. “सेट काढून आणायचा. दुसरी गावं हात पसरून बसलीत.”

“साहेब, तात्या तसा माणूस नाही.”

“मग बॅटरी काय उंदरांनी खाल्ली? चला, मीच येतो.”

रेडिओची किल्ली तात्यांकडे असायची. साठीचा माणूस, दुसरी पास, कांद्या-वांग्यांची बागायत. सेट बसवायला गेलो तेव्हा ओळख झाली आणि पुढे इतकी दोस्ती जमली की त्यांच्या घरी मला कोणी पाहुणा म्हणेना. आता त्यांच्याच हातून सेट काढून घ्यायचा! जीपमध्ये मी वाटभर तात्यांचीच वकिली करत होतो.

एप्रिलचं रणरणतं ऊन. दुपारी दोनच्या सुमाराला चावडीत शिरलो, बघतो तर काय! रेडिओ चालू होता! तात्या पेटीला कान लावून, डोळे मिटून बसलेले. आणि पेटीतून गाणं नाही, भाषण नाही. नुसती खरखर.

“सापडला चोर!” साहेब म्हणाले.

तात्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. “गप बसा वाईच.”

“अहो तात्या, हे आमचे साहेब आहेत!”

“आसूद्या की. बसा साहेब. लाह्या फुटाय लागल्यात.”

“कसल्या लाह्या?” साहेब तडकले. “ह्याच्यावर स्टेशन तरी लागलंय का?”

“न्हाय. मुद्दाम न्हाय लावलं. मान्सं बोलाय लागली की ह्ये ऐकू येत न्हाय.”

“आणि ही विद्या शिकवली कोणी?”

तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्यांनीच की!”

मी चाटच पडलो. मग आठवलं. सेट बसवला त्या दिवशी गाव जमलेलं आणि ऐन भाषणात अशी खरखर सुरू झाली की एक शब्द कळेना. लोक हसायला लागले. अब्रू वाचवायला मी म्हणालो होतो, “सेट उत्तम आहे हो. लांब कुठंतरी वीज चमकतेय, ती रेडिओत खरखरते. त्याला मी काय करू?” बोललो ते खरं होतं, पण सांगितलं होतं सबब म्हणून. सगळेच मेकॅनिक सांगतात. सांगून मी विसरलो.

तात्या विसरले नाहीत. “म्या म्हनलं, लांबची ईज जर हितं ऐकू येती, तर वळीव यायच्या आदी आपल्याला कळाय नको? बसलो कान लावून. दोन-चारदा चुकलो. मग उमगलं. येकटीदुकटी खरखर आसली तर वळीव लांब. अशा लाह्यावानी फुटाय लागली की तासाभरात हितं.”

एवढं बोलून ते उठले आणि बाहेर घंटेसारखा टांगलेला रुळाचा तुकडा दणादणा बडवायला लागले.

साहेबांनी वर पाहिलं. आभाळ लख्ख. ढगाचा ठिपका नाही. पण रानारानातून माणसं पळायला लागली. चावडीमागेच रखमाबाईंचा कांदा पसरलेला होता. काढलेला कांदा चार दिवस रानात सुकवतात, त्यावर पाऊस पडला की तो सडतो. बाई एकट्याच उसाचं पाचट ओढून कांद्यावर टाकत होत्या. आम्हाला उभं बघून ओरडल्या, “बघताय काय? उचला की!”

आणि काय सांगू, इस्त्रीच्या पँटीतले सोमणसाहेब पाचटाचा भारा उचलून धावले!

पाऊण तासात भिगवणच्या बाजूनं काळं वर आलं. वारा सुटला, विजा कडाडल्या आणि टपाटप गारा पडायला लागल्या. आम्ही चावडीत येऊन टेकलो. तात्यांनी पुन्हा सेट लावला. वीज चमकली की त्याच क्षणी पेटीत खर्र व्हायचं आणि गडगडाट मागून यायचा. इतकी वर्षं ते यंत्र हाताळत होतो, पण खऱ्या अर्थानं त्या दिवशी पाहिलं.

साहेब बी. एस्सी. झालेले. तेही पेटीला कान लावून बसले होते. हळूच म्हणाले, “हे मी पुस्तकात वाचलं होतं हो. परीक्षेतही लिहिलं होतं.”

पाऊस थांबला. रखमाबाईंनी पाचट बाजूला सारून पाहिलं. कडेचा थोडा भिजला होता, बाकी कांदा कोरडा. त्यांनी दोन्ही हात जोडून रेडिओच्या दिशेनं नमस्कार केला.

साहेबांनी फॉर्म काढायला सांगितला. त्यात रकाना होता, ‘बॅटरी लवकर संपण्याचे कारण’. मी पेन धरून बसलो. वळीव लिहू की लाह्या?

“लिहा,” साहेब म्हणाले, “सेटचा वापर अपेक्षेपेक्षा चांगला. नवी बॅटरी द्यावी.” मग तात्यांकडे वळून, “पण हे बघा, दिवसभर चालू ठेवायचा नाही. तासातून दोन मिनिटं.”

“दोन मिंटात काय व्हतंय साहेब? पाच करा.”

“तीन!”

सेट सणसरलाच राहिला.

मी एवढं शिकलो की सबब सांगायची तर खरी सांगावी. ऐकणारा तिला कामाला लावतो. पुढच्याच महिन्यात बावड्याला सेट बसवला. मोठ्या ऐटीत स्टेशन लावून दिलं. पुढं बसलेले एक आबा म्हणाले, “ते गानं ऱ्हाऊंद्या. आदी खरखर कुठं लागती ते दावा.”

खरखर घालवणं हा माझा धंदा. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा शोधून दिली.